पिसवेच्या पोटातील बाजार

खोपट म्हणजे काय हे ठाणेकरांस सांगावयास नको. कुडाच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले, वाकून आत शिरावे लागेल असे घरटे ते खोपट. आज ह्या नावाच्या आपल्या वस्तीत एस. टी. चे आगार आहे, दुकाने आहेत, माळ्यांवर माळे चढले आहेत, आणि छपराला घालण्यापुरते गवत आणायचे म्हटले तरी पुष्कळ लांब जावे लागेल. ह्या नावाची कुळकथा शोधण्याचा आमचा उद्योग नाही. परंतु आजच्या विषयाचे दार हाच शब्द उघडतो. आमच्या आजीच्या बोलण्यात 'प्लेगाची साल' आणि 'माळावरची खोपटे' ही जोडी नेहमी येई. घरात उंदीर पडला, की दाराला कुलूप घालायचे, भांडीकुंडी गाडीवर टाकायची आणि गावाबाहेरच्या माळावर खोपट उभारून राहायचे. थंडी असो, पाऊस असो, गाव ओस आणि माळ गजबजलेला. आजी सांगे, "माळावर माणसं मरत नसत असं नाही, पण गावापेक्षा कमी." असे का, हे तिला ठाऊक नव्हते. त्या काळी सरकारलाही ते नीटसे ठाऊक नव्हते.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "हा विषय इतिहासाचा की जंतुशास्त्राचा?" जंतू आपसांत गुणधर्मांची देवघेव कशी करतात आणि ती देवघेव त्यांच्या दाटीवर कशी अवलंबून असते, हा विषय दिसायला प्रयोगशाळेतला खरा. पण त्याचा एक मोठा अध्याय मुंबईत, परळला लिहिला गेला आहे. आणि लिहिणाऱ्यांना आपण कशाचा अध्याय लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. म्हणून आम्ही त्याला इतिहास म्हणतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. रोगाचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सें यांनी दाखवून दिला होता. मुंबईतून लाखो लोक बाहेर पडले. त्यांतले कितीतरी रेल्वेने ह्याच ठाण्यावरून वर गेले. पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे: घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, रोग्यांची सेवा करता करता मार्च १८९७ मध्ये झालेला सावित्रीबाई फुल्यांचा अंत, त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री पुण्यात रँडवर चाफेकरांनी झाडलेली गोळी. ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. आम्हांला जायचे आहे ते ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत.

त्या खोलीत वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ पासून लस तयार करण्याच्या खटपटीत होते. लशीसाठी प्लेगचे जंतू फार मोठ्या संख्येने लागत. मांसाच्या रश्श्यात जंतूंचे विरजण लावले तर ते वाढत, पण पुरेसे नाही. हाफकिननी एक युक्ती केली. रश्श्यावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. होय, आपण वरणभातावर घेतो तेच तूप. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून वाढू लागले आणि वडाच्या पारंब्या लोंबाव्यात तसे त्यांचे पांढुरके झुबके रश्श्यात खाली उतरू लागले. बाटली हलवली की झुबके तुटून तळाशी बसत आणि थेंबांना पुन्हा नव्या पारंब्या फुटत. चारसहा आठवडे असे पीक काढायचे, मग उष्णता देऊन जंतू मारायचे, ही झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. दरम्यान, १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष एका बाटलीत शिरलेल्या घाणीचा. पण शिक्षा हाफकिननी भोगली, आणि निर्दोष ठरायला त्यांना १९०७ साल उजाडावे लागले. ज्याच्या नावाची पाटी आपण आज अभिमानाने वाचतो, त्याला आधी घालवून दिले होते, एवढे ध्यानात असावे.

आम्हांस त्या तुपाच्या थेंबाचे महत्त्व वाटते ते एवढ्यासाठी, की हाफकिननी नकळत ह्या जंतूचा स्वभाव पकडला होता. हा सुटासुटा पोहत बसणारा जंतू नव्हे. आधार मिळाला की तो त्याला चिकटतो आणि एकमेकांना धरून दाटी करतो. हा स्वभाव प्लेगच्या इतिहासात पुन्हा पुन्हा पुढे येणार आहे.

रोग पसरतो कसा, हा प्रश्न तेव्हा लोंबकळत होता. कोणी हवेला दोष दिला, कोणी जमिनीला, कोणी धान्याला. पुष्कळांनी तर आमच्या लोकांच्या राहणीला दोष देऊन काम भागवले. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले की उंदराकडून उंदराकडे रोग नेणारी पिसू आहे. त्याला कोणी विचारले नाही. अखेरीस १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोग परळच्या त्याच वास्तूत कामाला बसला. आयोगाने तेथे मुद्दाम लहान लहान खोल्या बांधविल्या. त्यांची छपरे निरनिराळ्या तऱ्हेची ठेवली, कारण कौलांखाली उंदीर किती राहतात हे छपरावर अवलंबून. आत गिनीपिग सोडले. ज्या गिनीपिगांपर्यंत पिसू पोचू शकत होती ते मेले. उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले, जेथे पिसवेची उडी पोचत नव्हती, ते जगले. माळावरच्या खोपटात आजीची माणसे का वाचली, त्याचे उत्तर परळच्या ह्या खोल्यांत मिळाले. माळावर गावचे उंदीर नव्हते, म्हणून त्यांच्या पिसवाही नव्हत्या.

तरी एक कोडे राहिलेच. पिसू रक्त पिते. ती रक्त ओढून घेते, सोडत नाही. मग तिच्या पोटातला जंतू माणसाच्या अंगात उतरतो कसा? ह्याचे उत्तर १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बेकॉट आणि मार्टिन यांनी दिले. पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी बारीक काट्यांची एक झडप असते. प्लेगचे जंतू त्या काट्यांना धरून वाढतात, वाढता वाढता त्यांचा घट्ट गोळा होतो आणि तोंडच बुजते. पिसू उपाशी पडते. भुकेने वेडी होऊन ती चावत सुटते. ओढलेले रक्त गोळ्याला आपटून जंतू घेऊन माघारी फिरते आणि चावलेल्या जागी ओकले जाते. म्हणजे येथेही दाटीच. जंतू सुटे राहिले असते, तर ते पिसवेच्या विष्ठेबरोबर निघून गेले असते आणि घसा बुजण्याची ही वाट त्यांना मिळाली नसती. त्याआधीची पायरीही दाटीचीच: मरणाच्या दारी असलेल्या उंदराच्या रक्तात, प्रत्येक मिलिलिटरमध्ये, कोट्यवधी जंतू असावे लागतात, तेव्हा कोठे तेवढ्याशा घोटातून पिसवेला खात्रीने लागण होते.

येथवरचा इतिहास पुष्कळांनी ऐकला असेल. आता आम्ही प्लेग क्षणभर बाजूस ठेवतो, कारण त्याच गोळ्याच्या आत दुसरी एक गोष्ट घडत होती आणि ती समजण्यासाठी परळहून दूर जावे लागते.

जंतूला आईबाप दोन नसतात. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. आणि जो गुण आधी होता तोच पुढे चालतो, असा शास्त्रज्ञांचा फार दिवसांचा समज होता. १९४६ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जोशुआ लेडरबर्ग या एकवीस वर्षांच्या मुलाने आपले गुरू टेटम यांच्याबरोबर ई. कोलाय ह्या आतड्यातील जंतूचे दोन वाण एकत्र मिसळले. प्रत्येक वाणात काही उणीव होती. मिश्रणातून असे जंतू निघाले की ज्यांच्यात दोहोंतलीही उणीव नव्हती. एकाने दुसऱ्याला काहीतरी दिले होते. प्रमाण कोटीत एखादे. पण मिसळलेले जंतू इतके दाट होते, की कोटीत एक असलेलाही सापडला. १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी काचेची नळी घेतली, मध्ये इतकी बारीक गाळणी बसविली की तिच्यातून रस जाईल पण जंतू जाणार नाही, आणि एकेका बाजूस एकेक वाण सोडला. देवघेव बंद पडली. म्हणजे ही वस्तू पाण्यातून वाहत येणारी नव्हती. तिला प्रत्यक्ष अंगाला अंग लागावे लागत होते. पुढे १९५२ मध्ये विल्यम हेज यांनी दाखविले की ह्यात एक देणारा असतो आणि एक घेणारा. हे हेज दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात होते. जे दिले जाते त्याला त्याच वर्षी लेडरबर्गनी प्लास्मिड हे नाव सुचविले.

प्लास्मिड म्हणजे काय, हे साध्या दाखल्याने सांगतो. जंतूची मूळ पोथी वेगळी. तिच्यात त्याच्या रोजच्या जगण्याचे सारे लिहिलेले असते. प्लास्मिड ही तिच्याखेरीज जवळ बाळगलेली लहान वही, डी. एन. ए. चे एक कडे. तिच्यावाचून एरवी अडत नाही, पण तिच्यात कधी एखाद्या विषावरचा उतारा लिहिलेला असतो. देणारा जंतू केसासारखा बारीक धागा बाहेर टाकतो, शेजाऱ्याला जवळ ओढतो आणि वही उतरवून देतो. देणाऱ्याची वही त्याच्याकडे राहतेच. आणखी महत्त्वाचे असे, की घेणारा आता स्वतः देणारा होतो.

काही वर्षे हा प्रयोगशाळेतला चमत्कारच समजला गेला. आपल्या देशात के. भास्करन यांनी १९५८ ते १९६० च्या सुमारास पटकीच्या जंतूंतही अशी देवघेव दाखविली. पण जगाचे डोळे उघडले ते जपानने. तेथे युद्धानंतर आमांशाच्या जंतूंवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे एकदम निरुपयोगी होऊ लागली. एका औषधाला एखादा जंतू आपोआप निर्ढावेल. चारांना एकदम कसा? १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितले की आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय आमांशाच्या जंतूला चारही उतारे एकाच वहीतून देतो. पुढे त्सुतोमू वातानाबे यांनी १९६३ मध्ये ह्या संशोधनाचा सविस्तर आढावा इंग्रजीत लिहिला, तेव्हा पाश्चात्त्य जगाने ही गोष्ट मनावर घेतली.

आता दाटीचा हिशेब. तो अवघड नाही, आणि एस. टी. च्या स्थानकावर उभे राहून सहज करता येतो. स्थानकात दहा माणसे पत्रके वाटणारी आहेत आणि दहा घेणारी. भेटी होऊ शकतील अशा जोड्या शंभर. दोन्हीकडची माणसे निम्मी करा: पाच आणि पाच, जोड्या पंचवीस. एकेकच ठेवा: जोडी एक. म्हणजे गर्दी दसपट कमी झाली की भेटी दसपट नव्हे, शंभरपट कमी होतात. १९७९ मध्ये लेव्हिन, स्टुअर्ट आणि राइस यांनी ई. कोलायवर नेमके हेच मोजून दाखविले. ढवळत्या रसात प्लास्मिड किती वेगाने पसरेल, तर देणाऱ्यांची दाटी गुणिले घेणाऱ्यांची दाटी. प्रयोगशाळेत पूर्ण वाढलेल्या रसाच्या एका मिलिलिटरात शंभर कोटी जंतू असतात. समुद्राच्या तेवढ्याच पाण्यात सुमारे दहा लाख. फरक हजारपटीचा, पण भेटींचा फरक दहा लाखपटीचा! समुद्राच्या मोकळ्या पाण्यात अशी देवघेव दुर्मीळ का आणि आतड्यात रोजची का, हे ह्या एका गुणाकाराने उलगडते.

परंतु दाटी म्हणजेच सर्व काही, असे कोणी समजू नये. त्याच प्रयोगांत दिसले की रसातील अन्न संपत आले आणि जंतूंची वाढ थांबली, की दाटी भरपूर असूनही देवघेव मंदावते. उपाशी गर्दीत व्यवहार होत नाही. गर्दी धडधाकट आणि पोटभर जेवलेली लागते. काही जंतू तर गर्दी आहे की नाही हे आधी चाचपून पाहतात. आतड्यातील एंटरोकोकस ह्या जंतूत घेणारा एक रासायनिक खूण सोडतो. ती पोचली की देणारा चिकट होऊन त्याला बिलगतो, असे १९७८ मध्ये दिसून आले. झाडांना गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम स्वतःच्याच जातीची डोकी मोजतो आणि पुरेशी भरल्यावरच वही उघडतो. हे १९९३ मध्ये कळले.

ह्याहून एक मुद्दा आमच्या कथेला जवळचा आहे. वरचा गुणाकार ढवळलेल्या रसाचा आहे. ठाणे जिल्ह्याची वस्ती दर चौरस किलोमीटरला किती, हा आकडा काढून सकाळच्या लोकलमधल्या माणसाची अवस्था कळेल काय? त्याला त्याच्या डब्यात किती माणसे आहेत ह्याच्याशी कर्तव्य. जंतूंचेही तसेच. एखाद्या पृष्ठभागाला धरून त्यांनी गोळा केला, की सबंध बाटलीतील संख्येला अर्थ उरत नाही. शेजारी दिवसच्या दिवस शेजारीच राहतो. सरासरीने विरळ असलेल्या जागीसुद्धा एक कोपरा असा दाट असू शकतो की तेथे देवघेव जोरात चालावी.

आता परत पिसवेकडे. तिचे पोट ते केवढे? पाण्याच्या एका थेंबाचा शंभरावा हिस्सा. तेवढ्या जागेत प्लेगचे जंतू दाटीवाटीने गोळे करून राहतात. आणि मौज अशी की माणसाच्या किंवा उंदराच्या अंगात हा जंतू जेथे वाढतो, त्या गाठींत, रक्तात, एरवी दुसरे जंतू नसतातच. तेथे तो एकटा असतो. वही द्यायला शेजारी नाही. पिसवेच्या पोटात मात्र इतर जातींचे जंतू असतात. घरचा माणूस घरी कोणाशी बोलत नाही, पण आठवड्याच्या बाजारी सगळ्या गावांची माणसे भेटतात, तसे हे.

१८९८ मध्ये, त्याच साथीच्या लाटेत, प्लेग जहाजाने मादागास्कर बेटावर उतरला होता. मुंबईतून तो पुढे हटला, पण मादागास्करच्या डोंगराळ भागात मुक्काम करून राहिला. १९९५ मध्ये तेथील अंबालावाव जिल्ह्यात एका सोळा वर्षांच्या मुलाला गाठीचा प्लेग झाला. त्याच्या अंगातून काढलेला जंतू तपासला, तर स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा ह्या चौघांनाही तो जुमानीत नव्हता. शिवाय अँपिसिलीन आणि कॅनामायसीन यांनाही नाही. जपानच्या आमांशातील तीच चार औषधे! आणि हीच प्लेगचीही औषधे. त्यांतल्या सल्फांचा प्लेगवरील उपयोग परळच्या हाफकिन संस्थेत सोखी, वागळे आदी संशोधकांनी तपासला होता. १९९७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले की हे सर्व उतारे एकाच प्लास्मिडावर आहेत आणि ते प्रयोगशाळेत प्लेगच्या दुसऱ्या जंतूंकडे सहज जाते. मुलगा बरा झाला. त्या वाणाची साथही पसरली नाही.

ही वही प्लेगच्या जंतूला मिळाली कोठे? २००२ मध्ये अमेरिकेतील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत हिनेबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा प्रयोग केला. त्यांनी पिसवांना एकाच वेळी दोन जंतू पाजले: प्लेगचा, आणि औषधविरोधी प्लास्मिड बाळगणारा ई. कोलाय. ई. कोलाय प्लेगच्या गोळ्यात सामावला गेला. तीन दिवसांत वही उतरवून घेण्याचे प्रमाण हजारात एक झाले. चार आठवड्यांनी दोन्ही जंतू बाळगणाऱ्या पिसवांपैकी शेकडा ९५ पिसवांच्या पोटात औषधाला न जुमानणारे प्लेगचे जंतू होते, सरासरीने हजारहजार. लेडरबर्गला कोटीत एक सापडला होता, हे आठवावे.

म्हणजे ज्या गोळ्याने पिसवेचा घसा बुजतो आणि रोग पसरतो, तोच गोळा ह्या बाजाराची जागा. बेकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये तो गोळा पाहिला होता, हाफकिननी त्याच्याही आधी तुपाच्या थेंबाखाली त्याची पारंबी लोंबताना पाहिली होती. त्यात देवघेव चालू शकते हे पाहण्याची त्यांची वेळ नव्हती, कारण तेव्हा देण्यासारखे औषधच नव्हते आणि उताराही नव्हता.

ह्या जंतूची अशी उधारी काही १९९५ मध्ये सुरू झाली नाही. त्याचा पूर्वज हा पोट बिघडविणारा एक साधा जंतू होता. काही हजार वर्षांपूर्वी तो त्यापासून फुटला. फुटल्यावर त्याने दोन नव्या वह्या मिळविल्या. एकीच्या जोरावर तो चावलेल्या जागेपासून अंगात आत शिरतो. दुसरीत लिहिलेले एक विकर नसेल तर तो पिसवेच्या पोटात तग धरूच शकत नाही. हेही २००२ मध्येच सिद्ध झाले. २०१५ मध्ये युरोप-आशियातील कांस्ययुगीन हाडांतून प्लेगचे प्राचीन जंतू ओळखले गेले. त्यांतल्या अतिप्राचीन वाणांपाशी हे पान नव्हते. तेव्हा ज्या प्लेगने १८९६ नंतर ह्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तो मुळात अशाच देवघेवीने घडलेला होता. मादागास्करच्या वहीचा सांगाडा तर २००७ मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या मांसावरील साल्मोनेला जंतूंत आणि माशांना रोग देणाऱ्या प्लेगच्या एका भाऊबंदातही सापडला. एवढ्या दूरदूरच्या बाजारांत एकच वही फिरत होती.

पिसवेच्या पोटासारखे दुसरे बाजार आपल्या अंगणात आहेत. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले की, काही महिन्यांत मिळालेल्या, कार्बापेनेम ह्या अगदी शेवटी राखून ठेवलेल्या औषधांना न जुमानणाऱ्या आतड्यातील जंतूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत एन. डी. एम.-१ नावाचा उतारा आहे. हा उतारा प्लास्मिडावरून हिंडतो. २०१७ मध्ये पुण्याच्या मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगाला आणि शहरात, अशा दोन्हीकडच्या गाळात औषधविरोधी जनुके मोजली, तर शहरातल्या गाळात ती तीसपट. गाळ ही चिकटायची जागा, सांडपाणी हे अन्न, आणि रोग्यांपासून निरोग्यांपर्यंत सर्वांच्या पोटातले जंतू तेथे एकत्र. दाटी, जेवण आणि परका शेजारी, तिन्ही गोष्टी नदीने एका ठिकाणी जमविल्या आहेत. सांडपाणी शुद्ध करून सोडण्यास लागणारा खर्च पालिकांच्या हिशेबात नेहमी आरोग्यखात्याबाहेर पडतो. आमच्या मते तो औषधांच्या खात्यात मांडला पाहिजे. दाटी दसपट कमी झाली तर भेटी शंभरपट कमी होतात, असे कोणत्या गोळीबद्दल म्हणता येईल?

प्लेग महाराष्ट्रात परत आला तो १९९४ मध्ये. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील मामला गावी उंदीर पडू लागले आणि माणसांच्या जांघेत, काखेत गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. लाखो लोक सुरत सोडून निघाले, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्या साथीचे ५४ मृत्यू आहेत. आजीच्या काळात हाच आकडा एखाद्या पेठेचा, एखाद्या आठवड्याचा असे. ह्या वेळी माळावर खोपटे घालावी लागली नाहीत. टेट्रासायक्लीनने काम केले, कारण सुरतेच्या जंतूजवळ ती वही नव्हती. ती ज्याच्याजवळ होती, तो अंबालावावचा जंतू पुढल्याच वर्षी सापडला.